बोटीच्या सीटा दर वर्षी का उसवतात, ओल्या का राहतात: दोष कुठे शोधायचा आणि घरी दुरुस्ती कशी करायची

नवं रेक्झिन चढवलं, पहिला पावसाळा निभावला आणि पुढच्या उन्हाळ्यात कोपरे उसवले. पुन्हा कुशनवाल्याकडे सीट गेली, त्याने आधीपेक्षा जाड रेक्झिन लावलं, तरी वर्षभरात तेच. धरणाच्या पाण्यात चालणारी फायबरची मोटरबोट असो की तलावातली पेडल बोट, सीटची तक्रार साधारण हीच असते. आणि दोष बहुतेक वेळा रेक्झिनचा नसतो. दोरा, रेक्झिन ठोकायच्या स्टेपल पिना, खालचा प्लाय आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसणं, यांपैकी काहीतरी आधी गेलेलं असतं. रेक्झिन वर असतं म्हणून तेवढंच नजरेला पडतं.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. बोटीच्या सीटमध्ये पाणी शिरणारच. सुईने पडलेल्या प्रत्येक भोकातून, चेनमधून, पायपिंगच्या (आत दोरी घालून कडेने शिवलेल्या गोल पट्टीच्या) जोडातून ते शिरतं. ते अडवण्यात जेवढा खर्च होतो त्याच्या निम्म्यात ते बाहेर काढण्याची सोय होते, आणि सीट टिकते ती त्या सोयीमुळे.

समुद्रावरच्या सल्ल्यांचा आपल्याकडे अर्धाच उपयोग होतो. तिकडे मीठ हा मोठा शत्रू. मराठवाड्यात ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ अंशांवर, हिवाळ्यात परभणीकडे पहाटे १० अंशांच्या खाली. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं, थर कडक होतो आणि थंडीत आकसला की ताणाच्या जागी तडकतो. त्यात आपली धरणं उन्हाळ्यात आटतात. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षी बोट काठावर महिनोन्महिने उघडी पडून राहते, आणि वापरात नसतानाच सीटचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आधी निदान

सीट खोलण्याआधी पाच मिनिटं नीट पाहा. शिवण उसवली असेल तर तुटलेला दोरा बोटांत धरून ओढा. सहज तुटत असेल, पिठासारखा होत असेल, तर दोरा उन्हाने जळालाय. दोरा मजबूत आहे पण रेक्झिनच भोकांच्या रांगेवरून फाटलंय, तर टाके फार बारीक घातले होते. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून हे पाहिल्याशिवाय कात्री लावू नका.

शिवण शाबूत पण सपाट भागावर भेगा असतील तर रेक्झिन संपलं. ते बदलायचं, त्यावर कुठलीही पॉलिश चालत नाही.

सीटवर बसल्यावर कपडे ओले होत असतील, किंवा हाताने दाबल्यावर शिवणीतून पाणी येत असेल, तर फोम पाणी धरून बसलाय. सीट उलटी करा. प्लायला भोकंच नसतील तर कारण तिथेच सापडलं. प्लायच्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. टोक आत गेलं, पापुद्रे सुटले, तर प्लायही बदलायचा. पिना गंजून तपकिरी ओघळ आले असतील आणि रेक्झिन एका बाजूने निसटत असेल, तर गुन्हेगार पिना.

काळे ठिपके बुरशीचे असतात, धुवून बरेचसे जातात. गुलाबी डाग मात्र वेगळे. आतल्या ओल्या फोमवर किंवा अस्तरावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग रेक्झिनच्या आरपार वर येतो. तो वरून कितीही घासला तरी जात नाही. गुलाबी डाग दिसला म्हणजे आत ओल कायमची आहे असं समजा आणि सीट खोला.

सामान: कशावर पैसे घालायचे

सगळ्यात आधी दोरा. घरगुती शिलाईचा सुती किंवा साधा पॉलिस्टर दोरा इथे अजिबात नको. नायलॉन ताणाला चांगला, पण उन्हात त्याची ताकद लवकर जाते. बॅगा, ताडपत्री शिवणाऱ्यांकडे मिळतो तो बाँडेड (लेप देऊन धागे एकजीव केलेला) पॉलिस्टर दोरा घ्या, बाहेरच्या वापरासाठीचा, तिकीट नंबर ४० किंवा ३०. या आकड्यांत नंबर जितका लहान तितका दोरा जाड. ४० नंबर साधारण टेक्स ७५ (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप), तो बहुतेक कुशनांना पुरतो. त्याला १०० ते ११० नंबरची सुई, ३० नंबरला ११० ते १२५. बॉबीनमध्येही तोच दोरा भरायचा. वर भारी दोरा आणि खाली साधा, ही चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते. शिवण मग खालून सुटते आणि वरचा दोरा अखंड दिसत असल्याने कारण लवकर कळत नाही.

रेक्झिन घेताना पाठ पाहा. दुकानात मागच्या कापडाचा एक धागा ओढून मागा आणि पेटवा. कागदासारखा वास आला, राख झाली तर पाठ सुती. ती ओलीत कुजते आणि बुरशीला खाऊ घालते. धागा वितळून कडक मणी झाला तर पाठ पॉलिस्टरची. आपल्याला ती हवी. रिक्षाच्या सीटचं स्वस्त रेक्झिन बहुतेकदा या परीक्षेत नापास होतं. मरीन किंवा बाहेरच्या वापरासाठीचं, उन्हापासून संरक्षण असलेलं रेक्झिन मागवावं लागलं तरी मागवा. रंग फिका घ्या: दुधी, फिका राखाडी, वाळूचा. काळं किंवा गर्द निळं रेक्झिन मे महिन्याच्या दुपारी हात ठेवू देत नाही, आणि जितकं तापतं तितकं लवकर मरतं.

पिना स्टेनलेस स्टीलच्याच, ३०४ ग्रेड. गोडं पाणी आहे, साध्या चालतील, हे खरं नाही. गोड्या पाण्यातही साधी पिन गंजते, फक्त थोडी सावकाश. फर्निचरवाल्यांच्या ८० सीरीजच्या गनमध्ये बसणारी ८०१० ही पिन घ्या. शेवटचे दोन अंक तिच्या पायाची लांबी सांगतात, १० मिलिमीटर. १२ मिलिमीटर प्लायला ती योग्य. त्याहून लांब पिन प्लायच्या पलीकडे टोचते आणि ओलीला नवी वाट करून देते. ओळखीसाठी लोहचुंबक लावा. साधी पिन झटकन चिकटते, ३०४ ची चिकटत नाही किंवा अगदी हलकी ओढली जाते.

प्लायवर आयएस ७१० हा शिक्का हवा. तो मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक. आयएस ३०३ चा प्लाय घरातल्या कपाटांसाठी ठीक आहे. शंका असेल तर दोन बोटं रुंद तुकडा कापून चार-पाच तास उकळत्या पाण्यात ठेवा. पापुद्रे सुटले तर तो प्लाय बोटीत नको. पीव्हीसीचा फोम बोर्ड कुजत नाही हे खरं, पण कडक उन्हात तो मऊ पडून वाकतो आणि पिना ढिल्या होतात, म्हणून सीटच्या तळाला आम्ही तो सुचवत नाही.

फोमबद्दल दोन मतं आहेत. पेशींचं तोंड बंद असलेला ईव्हीए किंवा क्रॉसलिंक फोम पाणी पीत नाही, पण एकटा फार कडक लागतो. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम आरामदायी, पण पाणी शोषतो. दोन्हींचा थर उत्तम: खाली २५ मिलिमीटर ईव्हीए, वर ७५ मिलिमीटर पीयू, ४० डेन्सिटीचा (डेन्सिटी म्हणजे घनता, आकडा मोठा तितका फोम भरीव). ३२ डेन्सिटी स्वस्त मिळते, मात्र माणसं रोज बसणार असतील तर ती लवकर खाली बसते. पाणी चाळणीसारखं सोडून देणारा मोठ्या छिद्रांचा फोम मिळाला तर तो सर्वांत चांगला, पण महाग पडतो आणि मागवावा लागतो.

पायपिंगच्या आत प्लास्टिकची दोरी घाला. सुती दोरी पाणी शोषून सगळ्या कडेने फिरवते. चेन लागत असेल तर जाड दात्यांची प्लास्टिकची, आणि तिचं तोंड मागच्या बाजूला, खाली.

एका सीटचा हिशोब

सीट १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, १० उंच धरू. रेक्झिनचा पन्हा साधारण १३७ सेंटीमीटर असतो. वरचा तुकडा १२३ × ४८ (चारही बाजूंना दीड सेंटीमीटर शिलाई). कडेच्या पट्ट्या १८ सेंटीमीटर रुंद, कारण १० उंची, प्लायची जाडी, खाली दुमडायला ५ आणि वर शिलाई. पुढची १२३, मागची १२३, आणि दोन्ही बाजूंच्या ४८-४८. या पन्ह्यात तीन ओळींत बसतात. पायपिंगसाठी ४ सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या. एकूण १ मीटर १४ सेंटीमीटर होतात, दीड मीटर घ्या. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. रेक्झिन एका दिशेने जास्त ताणलं जातं, तुकडे उलटसुलट झाले तर एक बाजू सैल राहते.

जुनं कव्हर उसवून तोच साचा म्हणून ठेवण्याचा मोह होतो. साच्यापेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवा. जुनं रेक्झिन उन्हात आकसलेलं आणि बसून बसून ताणलेलं असतं. त्याचा उपयोग तुकडे कसे जोडले होते, चेन कुठे होती हे पाहण्यापुरता. खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

फोम मात्र कव्हरपेक्षा थोडा मोठा कापायचा, १२१ × ४६. तो दाबून आत बसला की रेक्झिन तणतणीत राहतं, सुरकुत्या पडत नाहीत, आणि सुरकुतीत साचणारं पाणीही राहत नाही.

प्लाय आणि पाण्याची वाट

प्लायला १२ मिलिमीटरची भोकं पाडा, १५ सेंटीमीटर अंतराने, दोन ओळींत. या मापाच्या सीटला १४ होतात. ती पाडल्यावर सगळा प्लाय, विशेषतः कडा आणि भोकांच्या आतली बाजू, पातळ इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायच्या राळेच्या लेपाचे) दोन हात देऊन बंद करा. कडा न रंगवता फक्त वरचा पृष्ठभाग रंगवला तर उपयोग शून्य, कारण प्लाय पाणी पितो ते कडेतून.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ते. ईव्हीएचा थर पाणी आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे प्लायला भोकं असूनही वरचा पीयू फोम ओलाच राहतो. ईव्हीएलाही त्याच जागी भोकं पाडा. प्लाय खाली ठेवून त्यातूनच पेनने खुणा करून घ्या, म्हणजे भोकं समोरासमोर येतात.

फोम प्लायला चिकटवायला रबरी ॲडहेसिव्ह वापरा, फेविकॉल एसआर ९९८ सारखं. सुताराचा पांढरा फेविकॉल नको, तो ओलीत सुटतो. दोन्ही बाजूंना पातळ लावून चिकट लागेपर्यंत वाळू द्या आणि मगच दाबा. फक्त ठिपके द्या. अख्खा पृष्ठभाग माखला तर भोकं बुजतात.

फोम प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण गुंडाळून बंद करण्याची पद्धतही दिसते. ती टाळा. एकदा आत शिरलेलं पाणी कधीच बाहेर पडत नाही, आणि उन्हात आतली हवा फुगून शिवणीवर ताण येतो. पातळ प्लास्टिक हवंच असेल तर फक्त वरून आणि बाजूंनी घाला, तळ उघडा ठेवा. कव्हरही मग सहज सरकतं.

सीट उचलून बाहेर काढायची सुटी गादी असेल, प्लाय नसेल, तर तळाला रेक्झिनऐवजी पीव्हीसीचा लेप असलेली पॉलिस्टर जाळी शिवा. एवढा एक बदल केला तरी गादी अर्ध्या दिवसात सुकते.

शिवण

टाका ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे इंचाला सहा ते आठ. शर्ट शिवणारे हात सवयीने बारीक टाका घालतात, आणि रेक्झिनवर ती ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते. शिलाईची पट्टी १५ मिलिमीटर सोडा.

रेक्झिनवर टाचण्या लावायच्या नाहीत, कारण भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. दर १५ सेंटीमीटरवर दोन्ही तुकड्यांवर खडूने जुळणारी खूण करा, नाहीतर खालचा तुकडा मागे राहतो आणि शेवटी दोन बोटांचा फरक निघतो. हा फरक ओढून-ताणून जुळवला की तिथेच पुढे उसवणार.

काळं पायमशीन दोन थर सहज शिवतं, पायपिंगसह चार थरही सावकाश हाताने चाक फिरवत निघतात. रेक्झिन दाबपायाला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय लावा, नाहीतर शिवणीवर थोडी टाल्कम पावडर टाका. टाके खालून सैल दिसले तर वरचा ताण वाढवा. आधी त्याच रेक्झिनच्या चार थरांच्या चिंधीवर शिवून पाहा, थेट सीटवर नाही. मशीन थांबत असेल, सुई वाकत असेल, तर सगळे तुकडे कापून, खुणा करून जवळच्या बॅगवाल्याकडे फक्त शिलाईला द्या. त्याचं मशीन रेक्झिनचे थर वरून-खालून एकत्र सरकवतं, काम तासाभराचं.

कोपऱ्यावर पट्टीला आतून दोन-तीन काप द्या, शिवणीपासून ३ मिलिमीटर अलीकडे थांबा. कोपरा काटकोनात वळवण्याऐवजी एक टाका तिरका घाला. टोकावरचा सगळा ताण एकाच भोकावर येत नाही, आणि कोपरे सर्वांत आधी उसवतात ते एका भोकावर येणाऱ्या या ताणामुळेच. पट्ट्यांचे जोड कोपऱ्यावर किंवा मागे घ्या, पुढच्या बाजूला मांड्या घासतात तिथे नको.

मजबुतीसाठी वरून दुसरी शिलाई मारायची तर ती कडेच्या पट्टीवर मारा. बसायच्या सपाट भागावर मारलेली प्रत्येक शोभेची शिलाई म्हणजे पाण्याला दिलेली भोकांची रांग. चौकोनी नक्षीच्या सीटा छान दिसतात, बोटीवर त्या नको.

चढवणं

वेळ महत्त्वाची आहे. रेक्झिन थोडं उबदार असताना नीट बसतं, म्हणून हिवाळ्यात ते अर्धा तास उन्हात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी मात्र उलट: तापलेलं रेक्झिन हातात नको तेवढं ताणलं जातं, आणि डिसेंबरच्या पहाटे आकसलं की शिवणीवर सगळा ताण येतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करा.

सीट उलटी ठेवा. पहिली पिन पुढच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी मागच्या मध्यावर, मग दोन बाजूंचे मध्य. मध्यापासून कोपऱ्याकडे सरकत जा, समोरासमोर. एक बाजू पूर्ण ठोकून दुसरीकडे गेलात तर शिवण वाकडी बसते. दोन पिनांत २ ते अडीच सेंटीमीटर अंतर, कडेपासून निदान दीड सेंटीमीटर आत. आधी दर १० सेंटीमीटरवर एक पिन मारून सीट सरळ करून पाहा, शिवण कडेवर बरोबर आली की मगच मधल्या भरा. या सीटला साधारण १३० ते १६५ पिना लागतात. कोपरे सगळ्यात शेवटी. जादा रेक्झिन कापून घड्या पातळ करा, आणि पाण्याची भोकं झाकली गेली तर तिथलं रेक्झिन कापून टाका. हे विसरलं तर वरचं सगळं काम वाया जातं.

पाठीची गादी बसवताना स्क्रूही स्टेनलेसचे, आणि स्क्रूच्या भोकात आधी थोडं इपॉक्सी. पाठ आणि बोटीच्या भिंतीत बोटभर फट राहू द्या, वारा खेळला पाहिजे.

सीट काढल्यावर खालच्या खोक्यात पांढरा फोम किंवा थर्माकोलचे ठोकळे दिसले तर ते काढू नका. बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून ते असतात. ते पाण्याने जड झाले असतील तर तेवढ्याच आकाराचे नवे, बंद पेशींचे ठोकळे बसवा. आणि गादी तरंगते म्हणून तिला लाइफ जॅकेटच्या जागी मोजू नये. पीयू फोम पाणी पिऊन जड होतो.

नंतरची निगा

साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. थिनर, पेट्रोल, डिझेलने पुसलं तर डाग जातो, त्याबरोबर रेक्झिनचा मऊपणाही जातो. ब्लीचची दाट मात्रा दोरा खाते. बुरशीला पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून लावा, दहा मिनिटांनी धुवा.

एप्रिल ते जूनपर्यंत बोट उभी राहणार असेल तर सीटा काढून घरी आणा, सावलीत उभ्या ठेवा. निळी ताडपत्री थेट सीटवर घट्ट बांधली तर खाली वाफ धरते आणि बुरशी लागते. कापडी आच्छादन किंवा थोडी उंच ताणलेली ताडपत्री चालते. गोदामात ठेवताना उंदरांचा बंदोबस्त करा, फोम त्यांना घर करायला फार आवडतो.

थोडीशी उसवण दिसली तर तिथेच थांबवा. वाकड्या सुईने तोच पॉलिस्टर दोरा घेऊन जुन्याच भोकांतून हाताने शिवा, दोन्ही टोकांना चांगल्या शिवणीवर तीन-चार टाके जास्त घ्या. नवी भोकं पाडू नका.

सीट बोटीत बसवण्याआधी एक चाचणी करा. दोन विटांवर ती सरळ ठेवा, वरून हळूहळू लिटरभर पाणी शिवणीवर ओता आणि तळाकडे पाहा. वरून बरंच पाणी ओघळून जाईल. आत गेलेलं भोकांतून ठिबकायला लागलं, आणि हाताने दाबल्यावर धार येऊन थांबली, तर वाट मोकळी आहे. काहीच ठिबकत नसेल आणि सीट उचलल्यावर जड लागत असेल, तर एखादं भोक रेक्झिनच्या घडीखाली किंवा ॲडहेसिव्हने बुजलंय. त्या बाजूच्या पिना काढून ते आत्ताच मोकळं करा.